कानात चालू राहिलेले इंजिन
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर कांद्याचा भाव आहे, वीजबिल आहे, पीकविमा आहे. त्यांच्या खाली 'कान' असा विषय पाहून पुष्कळांना हसू आले. येऊ द्या. पण हा विषय आम्ही पुस्तकातून काढलेला नाही, तुमच्यातूनच आला आहे.

गावोगाव बैठका घेताना आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. भावाबद्दल माणूस भर सभेत उभा राहून, हात वर करून विचारतो. पण बैठक उठली, चहा झाला, की कोणीतरी आम्हाला बाजूला घेतो आणि हळूच म्हणतो, "साहेब, तुम्ही शिकलेली माणसं. कानात सारखे रातकिडे ओरडतात, यावर काही औषध आहे का?" कोणाला रातकिडे ऐकू येतात, कोणाला कुकरची शिट्टी. कोणी म्हणतो, हडंबा बंद करून घरी आलो, आंघोळ केली, जेवलो, तरी तो डोक्यात चालूच आहे. एका बाईंनी सांगितले, घरात सांगितले तर म्हणतील हिला बाहेरचे काही लागले, म्हणून चार वर्षे कोणाला बोलले नाही. चार वर्षे! अंगाला काटा रुतला तर माणूस चार मिनिटे गप्प बसत नाही.

तर पहिली गोष्ट. हे वेड नव्हे, बाधा नव्हे, मनाचे खेळही नव्हेत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत हा कर्णनाद आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे लोकही याने त्रासलेले होते. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. जगभरच्या पाहण्या एकत्र करून 2022 साली जो अंदाज छापला गेला त्याप्रमाणे शंभर मोठ्या माणसांत चौदाजणांना हा आवाज येतो, आणि दोघांना तो फार त्रास देतो. या मंडपात पाचशे माणसे बसली असतील तर हिशेब तुम्हीच करा. आम्ही व्यासपीठावर बसलेल्या पाचांपैकी दोघांचे कान आत्ता, बोलतानासुद्धा, वाजत आहेत.

एक भेद मात्र सांगून ठेवतो. शिट्टी, गुणगुण, घरघर, समुद्राची गाज, हे कानाचे. पण कोणाला माणसांची वाक्ये ऐकू येत असतील, कोणी हुकूम देत असेल, शिव्या देत असेल, तर तो निराळा आजार. त्याच्यासाठी मनाचे डॉक्टर आहेत आणि त्यांच्याकडे जाण्यात लाज नाही.

आता हे होते कसे ते पाहू. आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे, म्हणून शेतीच्याच भाषेत सांगतो. कानाच्या अगदी आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग आहे. त्यात अतिशय बारीक केसाळ पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. आवाज आला की त्या डुलतात आणि मेंदूकडे निरोप जातो. समजा, ज्वारीचे कोवळे रान आहे आणि त्यातून एकदा जनावर गेले. ताटे लवतात, दोन दिवसांत पुन्हा उभी राहतात. लग्नातल्या बँडजवळ उभे राहिलात, रात्रभर कान वाजले, सकाळी थांबले, ते हेच. पण त्याच वाटेने रोज जनावरे नेलीत तर तिथे पायवाट पडते, पीक उरत नाही. आणि ज्वारी निदान पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. मेल्या त्या मेल्या.

मग पेशी मेल्यावर शांत व्हायला हवे, आवाज का येतो? त्याचे उत्तर रेडिओत आहे. स्टेशन नीट लागत नसले की आपण आवाज वाढवतो, आणि गाण्याऐवजी खरखर मोठी होते. कानाकडून येणारा निरोप क्षीण झाला की मेंदूही तेच करतो, आपली खुंटी पिळतो. ती खरखर म्हणजे तुमचे रातकिडे. ही खरखर थोडीफार प्रत्येकात असते. अमेरिकेत 1953 साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगले ऐकू येणारी ऐंशी माणसे एकेक करून आवाजबंद खोलीत बसवली. काही मिनिटांत त्यांच्यातल्या 94 टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू येऊ लागला. एरवी बाहेरच्या गलबल्यात तो झाकलेला असतो, एवढेच. म्हणूनच तुमचा त्रास दिवसा बाजारात कमी आणि रात्री उशीवर डोके टेकल्यावर जास्त. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपायाच्या वेळी तिचा उपयोग आहे.

आवाजाचे माप डेसिबल. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास, ही कानाची मर्यादा धरतात. त्यावर दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 100 ला जेमतेम पाव तास. बिनकेबिनचा ट्रॅक्टर भाराखाली चालकाच्या कानाशी 90 ते 100 च्या दरम्यान ओरडतो. हडंबाही त्याच घरातला. आता सांगा, आपला कोणता माणूस पाव तास मळणी करून घरी जातो? हंगामात चौदा-चौदा तास यंत्र चालते, कारण भाड्याचे यंत्र पुढच्या खळ्यावर न्यायचे असते आणि पावसाचे ढग दिसत असतात. यंत्राच्या तोंडाशी उभे राहून पेंढ्या देणाऱ्या बहुतेक बायाच असतात. त्यांच्या डोक्यावर पदर असतो, नाकावर फडके असते आणि कान उघडे. मापायला यंत्र नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तिथे कानाचे नुकसान चालू आहे असे समजा.

ट्रॅक्टरवाल्या पोरांबद्दल वेगळे बोलले पाहिजे. इंजिनाच्या आवाजात गाणे ऐकू येत नाही म्हणून टेप इंजिनापेक्षा मोठा लावतात. म्हणजे शंभराच्या डोक्यावर एकशेपाच. शिवाय नांगराकडे पाहायला सारखे मागे वळतात, त्यामुळे एक कान धुराड्याकडे राहतो आणि पुष्कळदा तोच आधी जातो. वय पंचवीस आणि कान साठीतले.

रानडुकरे आणि माकडे हाकलायला पाइपची कार्बाइडवाली तोफ उडवतात, तिचा धोका आणखी वेगळा. तिथे आठ तासांचा हिशेब नाही, कानाजवळचा एकच बार पुरतो. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच तोफांनी कित्येक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. कानाची बातमी होत नाही, कारण कान फुटका दिसत नाही.

"थोडं कमी ऐकू आलं तर काय बिघडतं?" असे आम्हाला एका जाणत्या शेतकऱ्याने विचारले. बिघडते काय ते बाजार समितीत जाऊन पाहा. आवाजाने कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच सूर जातात. स, श, च, त, ख ही अक्षरे त्या पट्टीतली. जाड आवाज ऐकू येत असतो, म्हणून माणसाला वाटते आपले कान ठीक आहेत, लोकच पुटपुटतात. आता लिलावात पुकारा झाला 'सातशे'. स गेला, त पुसट झाला. तुम्हाला ऐकू आले 'आठशे'. मान हलवली, वक्कल सुटले. क्विंटलमागे शंभर रुपये. नंतर आडत्याशी भांडून काय उपयोग, तो खोटे बोललेला नाही. भावासाठी आपण रस्ते अडवतो, आणि इथे भाव आपल्याच कानात गळतो. तसेच रात्रीच्या पाण्याचे. जिथे अजून शेतीला रात्रपाळीची वीज मिळते तिथे माणूस एकटा अंधारात बारे देतो. पाचोळ्यातली सळसळ, सापाचा फुत्कार हे बारीकच आवाज. कानात शिट्टी चालू असलेल्याला ते कसे कळायचे?

झोपेचे तर विचारू नका. कर्ज, भाव, पाऊस यांनी आधीच झोप गेलेली. त्यात दोन वाजता जाग आली की कानातली शिट्टी. आवाजाने चिडचिड, चिडचिडीने झोप नाही, झोप नाही म्हणून आवाज आणखी मोठा. ही चरकातली फिरकी आहे. आम्हाला माणसे भेटली आहेत जी म्हणाली, या आवाजापेक्षा मेलेले बरे. असे वाटणे हा त्या त्रासाचा भाग आहे, आणि तो कमी होतो. कोणाच्या मनात असे येत असेल तर आज घरच्या एका माणसाला सांगा. 14416 हा सरकारचा टेलिमानस फोन 2022 पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

आता औषधाकडे. तुम्ही सगळे त्याचीच वाट पाहत होता.

सरळ सांगतो, हा आवाज बंद करणारी गोळी आजमितीस जगात सिद्ध झालेली नाही. ऐकायला वाईट वाटते. पण आम्ही शेतकऱ्यांच्या सभेत खोटे बोलायला आलेलो नाही. शेतात पीक पिवळे पडले की दुकानदार काय करतो? टॉनिक देतो. त्यात काय आहे ते त्यालाही ठाऊक नसते. पीक आपोआप सुधारले तर श्रेय टॉनिकचे, नाही सुधारले तर "जमिनीतच दोष आहे" म्हणून दुसरी बाटली. कानाचा बाजार तसाच चालतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली सगळा पुरावा तपासून लिहून ठेवले की जिंको, जस्त, मेलाटोनिन असली पूरके यासाठी देऊ नयेत. आपल्याकडे तीच पूरके महिनोन्महिने लिहून मिळतात. जिभेला सौम्य वीज आणि कानात सूर देणारे एक यंत्र 2023 मध्ये तिकडे मंजूर झाले आहे, ते महाग आहे, आपल्या खळ्यापर्यंत यायला अवकाश आहे. आणि घरचे प्रयोग, म्हणजे लसणाचे कढत तेल, रुईच्या पानाचा रस, आगकाडी, सायकलची तार, केसातली पिन, हे आजपासून बंद. पडदा फाटला तर एका दुखण्याची दोन होतात.

पण गोळी नाही म्हणजे उपाय नाही असे नव्हे. हा फरक नीट समजून घ्या. एखाद्या रोगाला औषध नसले तरी आपण पीक सोडून देत नाही, व्यवस्थापन करतो.

आधी कान तपासून घ्या. पुष्कळांच्या बाबतीत कारण क्षुल्लक निघते. कानात मळ घट्ट बसलेला असतो, तो डॉक्टरने काढला की शिट्टी जाते. कान वाहत असतो, पडद्याला भोक असते, त्यावर इलाज आहे. रक्त कमी असणे, रक्तदाब, थायरॉइड हेही पाहावे लागते. काही औषधे कानाला मारक आहेत. जेंटामायसीन, अमिकासीन यांची इंजेक्शने आणि जास्त मात्रेत ॲस्पिरिन ही त्यांपैकी. पूर्वी क्षयाला स्ट्रेप्टोमायसीन टोचत, त्यात कित्येकांचे कान गेले. म्हणून तापात गावातल्या कोणाहीकडून सुई टोचून घेताना कसली आहे ते विचारा. चालू असलेली गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला सांगा.

तीन बाबतींत थांबू नका. एका कानाचे ऐकू येणे एकाएकी गेले, काल होते आज नाही, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. त्याला औषध आहे, पण ते पहिल्या काही दिवसांतच लागू पडते. पेरणी उरकून जाऊ म्हणालात तर कान गेला. दुसरे, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल. तिसरे, आवाज फक्त एकाच कानात येत असेल किंवा सोबत चक्कर, तोंड वाकडे होणे असे काही असेल. ट्रॅक्टरमुळे असेल म्हणून आपणच निदान करू नका.

तपासणीत बहिरेपणा निघाला तर श्रवणयंत्र लावा. चष्म्याला आपण लाजत नाही, यंत्राला लाजतो, याला काही अर्थ नाही. बाहेरचे आवाज नीट आत गेले की मेंदूची पिळलेली खुंटी जराशी सैल होते, आणि आतला आवाज झाकला जातो. आपल्या एका कार्यकर्त्याने सहा महिने यंत्र खिशात ठेवले आणि सातव्या महिन्यात कानात. आता ते बैठकीत आम्हाला अडवून प्रश्न विचारतात, त्याचा थोडा पश्चात्ताप आम्हाला होतो!

रात्री शांतता शोधू नका. इथे त्या आवाजबंद खोलीची आठवण ठेवा. पंखा चालू ठेवा, रेडिओ बारीक लावा, माठाखाली थेंब थेंब पाणी पडू द्या. शिट्टी पूर्ण बुडेल एवढे मोठे नको, तिच्या जरा खालच्या पट्टीत, म्हणजे मेंदूला सवय होते. पाणचक्कीशेजारी राहणाऱ्याला चक्की ऐकू येत नाही, ती बंद पडली तर तो जागा होतो. तसे. ठरल्या वेळी उठा, रात्र जागून काढली तरी. ज्यांना फारच त्रास आहे त्यांच्यासाठी बोलून करायचा एक उपचार आहे. विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवतात. त्याने आवाज बंद होत नाही, पण आवाजाचा जाच कमी होतो, असे 2020 साली पुष्कळ चाचण्या एकत्र तपासून दिसून आले आहे. जाच कमी झाला की माणूस पुन्हा कामाला लागतो. आमच्यापैकी ज्यांचे कान वाजतात त्यांचा अनुभव असा की पहिले वर्ष कठीण जाते. मग एखाद्या दिवशी संध्याकाळी ध्यानात येते की आज दिवसभरात त्याची आठवणच झाली नव्हती.

जायचे कुठे? केंद्र सरकारने 2006-07 मध्ये बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आहे, जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात ऑडिओग्राम मागा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, ती याच कामासाठी 1983 साली काढलेली. जिल्ह्याला यंत्र आहे पण चालवणारा नाही असे उत्तर मिळाले तर ते लेखी घ्या आणि आमच्याकडे द्या. पुढचे आम्ही पाहतो.

आता जरा कायद्याचे बोलू. मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा हा 1948 च्या कारखाने कायद्यात नोंद करावयाच्या आजारांच्या यादीत होता. त्याची जागा घेणारी 2020 ची संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली, तिच्याही यादीत आहे. म्हणजे साखर कारखान्यात टर्बाइनशेजारी उभ्या राहणाऱ्याचा कान गेला तर तो धंद्याचा आजार. त्याच कारखान्याला ऊस घालणाऱ्याचा कान ट्रॅक्टरवर गेला तर ते त्याचे नशीब. राज्याच्या शेतकरी अपघात योजनेत डोळा आहे, हात आहे, पाय आहे, कान नाही. दिव्यांग कायदा 2016 चा, त्यात दोन्ही कानांचे ऐकणे साठ डेसिबलने घटले तर नोंद होते. तिथपर्यंत पोचेपर्यंत माणूस लिलावात किती वेळा फसलेला असतो!

आणखी एक आकडा आहे, तो आपल्यापासून दूर ठेवला जातो. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासण्याची संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात चालकाच्या कानापाशी किती डेसिबल आवाज येतो ते मोजून लिहिलेले असते. आम्ही कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढली. पीटीओ शिकलो, गिअर शिकलो, डिझेलचा हिशेब शिकलो. हा आकडा आम्हाला कोणी दाखवला नाही. विक्रेता अश्वशक्ती सांगतो, हप्ता सांगतो, नारळ फोडून फोटो काढतो. यापुढे ट्रॅक्टर घेताना हा आकडा विचारा. त्याला ठाऊक नसेल तर अहवाल मागा. दहा गिऱ्हाइकांनी विचारला की अकराव्याला तो स्वतःहून सांगेल. आणि अनुदानावर जे मळणीयंत्र, जे ब्लोअर दिले जाते, त्याबरोबर कानावर लावायची दोन झाकणे द्या, ही मागणी आजच्या ठरावात आम्ही घातली आहे. लाखाच्या यंत्रावर काही शे रुपयांची बाब.

मागणी मान्य होईपर्यंत थांबायचे कारण नाही. दुकानातून फोमच्या बुचांची जोडी आणा, दहा-वीस रुपयांत मिळते. कापसाचा बोळा घालू नका, तो धूळ अडवतो, आवाज अडवत नाही. बूच घालायची रीत अशी. हात धुवा. बोटांत वळून वातीसारखे बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढा. बूच आत सरकवा आणि फुगेपर्यंत, अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवा. स्वतःचाच आवाज घागरीत बोलल्यासारखा आला की नीट बसले. पट्ट्यापाशी काम करणाऱ्यांनी दोरीची बुचे वापरू नयेत, दोरी अडकते. यंत्रावर हाका ऐकू येणार नाहीत, म्हणून थांबण्याची खूण हाताने आधी ठरवून घ्या. ऑइल इंजिनाचे धुराडे माणसे बसतात त्याच्या उलट बाजूला वळवा, फुटका सायलेन्सर बदला. उघड्या रानात अंतर दुप्पट केले तरी सहा डेसिबल कमी होतात. मगाच्या हिशेबाने म्हणजे कानाला चौपट वेळ मिळाला.

मंडपाच्या डाव्या बाजूला टेबल मांडले आहे, तिथे बुचांचे दोन खोके आहेत. हडंब्यावर जाणाऱ्या बायांनी आधी घ्यावीत, मग ट्रॅक्टरवाल्यांनी. घालायची रीत तिथे पुन्हा करून दाखवू. ज्यांना बोलायचे आहे पण चारचौघांत नको, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या मागच्या खोलीत यावे. बायांसाठी तिथे आमच्या दोन भगिनी बसतील. आणि कर्णा जरा कमी करा रे, मागच्यांना ऐकू येत असेल तर.